डिंग पात्रांवरील कोरीव फुले : एका जुन्या क्रमवारीचा विचार

इ. स. १३८८ मध्ये, मिंग राजवट नुकती स्थिरावत असताना, त्साओ झाओ नावाच्या एका चिनी रसिकाने जुन्या वस्तूंची पारख कशी करावी यावर एक ग्रंथ सिद्ध केला. ‘गेगू याओलुन’ हे त्याचे नाव. कांस्यपात्रे, चित्रे, हस्ताक्षरे, तंतुवाद्ये, शाई उगाळण्याचे दगड, जेड, लाखकाम असा त्याचा मोठा पसारा आहे. मातीच्या भांड्यांना त्यात मिळालेली जागा तशी थोडीच. उत्तर चीनमधील डिंग भट्ट्यांच्या पांढऱ्या पोर्सलिनविषयी तो जे सांगतो ते तर अवघ्या काही ओळींत संपते. माती बारीक आणि रंग पांढरा व ओलसर तकतकीचा असेल तर भांडे मोलाचे. अंगावर अश्रूंसारखे ओघळ असतील तर ते अस्सल. आणि सजावटीपुरते बोलायचे तर सुरीने फुले कोरलेली भांडी सर्वोत्तम, काहीही न कोरलेली साधी भांडीही चांगली, आणि भरतकामासारखी नक्षी असलेली त्यांच्या खालची. हे ‘भरतकाम’ म्हणजे साच्याने उठवलेली दाट नक्षी, असा अर्थ अभ्यासक सामान्यतः घेतात. या क्रमवारीला त्साओ झाओने कारण मात्र एकही दिलेले नाही. कारणे न देता निकाल देणाऱ्या समीक्षकांची आपल्याकडेही वाण नाही. पण सहा शतके टिकलेला निकाल विरळाच म्हटला पाहिजे.

हा ग्रंथ इंग्रजीत आणला तो मुंबईत जन्मलेल्या एका गृहस्थाने, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. सर पर्सिव्हल डेव्हिड (१८९२–१९६४) हे मुंबईच्या एका बगदादी ज्यू घराण्यातले. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी होते. चिनी पोर्सलिनचा जो संग्रह त्यांनी आयुष्यभर जमवला, तो सुमारे १७०० वस्तूंचा आहे. १९५० मध्ये त्यांनी तो लंडन विद्यापीठाच्या हवाली केला. २००९ पासून तो ब्रिटिश म्युझियमच्या एका स्वतंत्र दालनात मांडलेला आहे आणि २०२४ मध्ये तो कायमचा त्या संग्रहालयाला देण्याचा निर्णय जाहीर झाला. ‘गेगू याओलुन’चा त्यांचा अनुवाद त्यांच्या निधनानंतर, १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे त्साओ झाओचा निकाल ज्याने भाषांतरित केला, त्याच्याच संग्रहात तो निकाल तपासून पाहण्याची सोय आहे. असा योग साहित्याच्या समीक्षकाला क्वचितच लाभतो.

काही वर्षांपूर्वी मुलाकडे लंडनला जाणे झाले, तेव्हा दोन दुपारी त्या दालनात काढल्या. पहिल्या दुपारी मला काहीच दिसले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निळ्या रंगाने चितारलेले कुंभ आणि लालभडक सुरया यांच्या गर्दीत डिंगच्या थाळ्या आणि वाडगे एखाद्या लग्नघरात साध्या पांढऱ्या लुगड्यात बसलेल्या म्हाताऱ्या आत्याबाईंसारखे बाजूला बसले होते. शेजारच्या पट्टीवर ‘कोरीव कमळ’ असे लिहिलेले, आणि समोर रिकामी थाळी. दुसऱ्या दुपारी जोड्याचा बंद सुटला म्हणून वाकलो, आणि डोळा थाळीच्या कडेच्या पातळीवर आला तेव्हा कमळ उमटले. अंधूकपणे, भास झाल्यासारखे नव्हे. देठापासून पाकळीच्या टोकापर्यंत सबंध, एकदम. उभा राहिलो, की गेले. पुन्हा वाकलो, की आले. माझ्या गुडघ्यांना हा व्यायाम मानवणारा नव्हता, पण पुढचा तास मी तेच करत राहिलो.

ही भांडी काचेच्या कपाटासाठी घडवलेली नव्हती, हे तेव्हा प्रथम ध्यानात आले. वाडगा हातात धरायचा असतो. तो तोंडाशी नेताना कलतो, ठेवताना कलतो, आणि दर वेळी खिडकीतला वा दिव्याचा उजेड त्याच्या अंगावरून सरकतो. कोरीव फूल या सरकत्या उजेडासाठी आहे. समोरून झगझगीत प्रकाश टाकून काढलेल्या छायाचित्रात ते मरते. आणि डिंगविषयी आपण जे वाचतो त्यातले बरेचसे लेखन अशा छायाचित्रांवरून झालेले असते, म्हणून त्यात ‘शुभ्र’, ‘तलम’, ‘नाजूक’ या विशेषणांपलीकडे फारसे काही सापडत नाही.

त्यातले ‘शुभ्र’ हे विशेषण तर सरळ चुकीचे आहे. डिंगचा पांढरा शुभ्र नाही, धवल नाही, दुधासारखाही नाही. पुस्तकांत त्याला हस्तिदंती म्हणतात. मला तो खरवसाच्या वडीचा वाटला. पिवळसरपणाची एक झाक त्यात आहे, आणि ती ऊबदार आहे. तांग काळातली याच प्रदेशातली पांढरी भांडी निळसर, थंड पांढरी होती. मग हा बदल कोणा कुंभाराच्या सौंदर्यदृष्टीने घडवला म्हणावे, तर तसे नाही. पूर्वी भट्ट्यांत लाकूड जळे. सोंग काळात हबेई प्रांतातल्या छूयांग परिसरातल्या या भट्ट्यांनी दगडी कोळसा वापरायला सुरुवात केली. कोळशाची ज्योत आखूड असते आणि तो जळताना भट्टीत हवा अधिक खेळती ठेवावी लागते. या मोकळ्या हवेत मातीतल्या आणि झिलईतल्या लोहाच्या व टायटेनियमच्या अल्पशा अंशांनी तो ऊबदार रंग धरला. इंधन बदलले म्हणून रंग बदलला. आणि रंग बदलला म्हणून, मी पुढे दाखवू पाहतो त्याप्रमाणे, कोरीव फुलाला जगण्याची जागा मिळाली.

दुसरा बदल भांडी भट्टीत रचण्याचा. अकराव्या शतकात डिंगच्या कुंभारांनी वाडगे उपडे ठेवून भाजण्याची युक्ती काढली. जाड मातीच्या डब्यात पायऱ्यापायऱ्यांची कडी एकावर एक रचायची आणि प्रत्येक पायरीवर एक वाडगा तोंडावर पालथा घालायचा. एका डब्यात कितीतरी वाडगे मावतात, कोळसा वाचतो, आणि वाडगा कडेवर टेकलेला असल्यामुळे त्याची पातळ भिंत भाजताना वाकत नाही. म्हणूनच या भांड्यांची भिंत इतकी पातळ आणि तळाचा पाया इतका लहान ठेवता आला. किंमत मोजावी लागली ती कडेला. जी कड टेकायची तिच्यावर झिलई ठेवता येत नाही, नाहीतर ती खाली चिकटून बसते. तेव्हा तळापर्यंत सर्वांगाला झिलई आणि ओठाला मात्र उघडी, खरबरीत माती, असे भांडे भट्टीतून निघे. त्या ओठावर मग तांब्याची, क्वचित चांदी-सोन्याची पट्टी बसवत. आज संग्रहालयात आपण त्या तांबूस वळ्याचे कौतुक करतो. मुळात ते ठिगळ होते.

आता प्रत्यक्ष कोरीव कामाकडे येऊ. त्याच्या आधीची पायरी पाहण्यासारखी आहे. डिंगझोऊ शहरात १९६९ मध्ये दोन बौद्ध स्तूपांच्या पायातील दालने उघडली गेली. एक ९७७ मध्ये बंद केलेले, दुसरे ९९५ मध्ये. दोहोंत मिळून शंभराहून अधिक डिंग पात्रे निघाली. त्यांत एक सुमारे ६० सेंटिमीटर उंचीची कुंडिका आहे. आकार बौद्ध भिक्षूंबरोबर आपल्याकडून तिकडे गेलेला, आणि नावही संस्कृतच. तोटी मात्र चिनी ड्रॅगनच्या मुखाची. या काळातल्या पात्रांवरच्या कमळाच्या पाकळ्या खोल तासून उठवलेल्या आहेत. धातूच्या भांड्याची आठवण पुसली गेलेली नाही. पाकळी पात्राच्या बाहेर, पोटाला कवच घातल्यासारखी बसते. काम भव्य आहे, आणि थोडे जडही.

पुढच्या शतकात हे जडपण गळून पडते. फूल बाहेरून आत येते, वाडग्याच्या पोटात आणि थाळीच्या तळाशी. आणि तासण्याऐवजी रेघ येते. माती अर्धवट सुकून ओल्या चामड्यासारखी झाली, की तिच्यावर सुरी तिरपी धरून काप घ्यायचा. काप एका बाजूने उभा आणि दुसऱ्या बाजूने उतरता पडतो. त्यावर जी झिलई चढते ती पारदर्शक आणि पातळ असते. आपल्या घरातली लोणच्याची बरणी आठवावी. तिच्यावरच्या जाड झिलईखाली अशी हलकी रेघ ओढली तर ती बुजून जाईल. डिंगची झिलई मात्र रेघेला बुजवत नाही. भट्टीत वितळली की ती कापाच्या उताराने खोल बाजूकडे सरकते आणि तिथे किंचित साठते. जिथे साठते तिथे तिचा तो खरवसी रंग थोडा गडद होतो. जिथे उथळ, तिथे फिका. पाकळीची कड म्हणून आपल्याला जी दिसते ती मुळात झिलईच्या खोलीतली तफावत आहे. रंग एकच, पदार्थ एकच. कमी-अधिक आहे ती जाडी. थंड, निर्मळ पांढऱ्या झिलईत ही तफावत इतक्या मृदूपणे दिसली नसती. वर म्हटले ते कोळशाचे उपकार ते हेच.

माझ्या समजुतीप्रमाणे त्साओ झाओच्या निकालाचे न लिहिलेले कारण येथे आहे. कोरीव डिंगमध्ये सजावट भांड्यावर ‘केलेली’ नसते. भांडे ज्या झिलईने भांडे झाले आहे, तीच झिलई फुलाच्या ठिकाणी जरा खोल उभी आहे, इतकेच. फूल काढून घ्या आणि भांडे ठेवा, असे म्हणता येत नाही. अलंकार आणि अलंकार्य यांचा जो वाद आपल्या काव्यशास्त्रात शतकानुशतके चालला, तो या थाळीपुरता तरी निकालात निघतो.

आपल्यापैकी कोणालाही येथे ध्वनिसिद्धान्त आठवेल. मलाही आठवला होता. मम्मटाने काव्याचे उत्तम, मध्यम आणि अवर असे तीन वर्ग केले, त्साओ झाओनेही तीनच केले; आणि दोघांच्या मते उघड नटवेपणा तळाला. जुळणी इतकी सोयीची आहे की तिच्याविषयी शंका घ्यावी. ध्वनीला वाच्यार्थ लागतो, आणि त्याला मागे सारून दुसरा अर्थ पुढे यावा लागतो. येथे मागे-पुढे काहीच नाही. कमळ कमळच आहे, ते कशाचे सूचन करून थांबत नाही. फक्त ते खालच्या स्वरात आहे. मंद्र सप्तकातल्या स्वराला आपण सूचक म्हणत नाही. कान जवळ न्या म्हणतो. लपवाछपवीही येथे नाही. पुढे पंधराव्या शतकाच्या आरंभी, युंगलो सम्राटाच्या काळात, जिंगदेझेनला जी मधुर-पांढरी म्हटली जाणारी पात्रे झाली, त्यांच्यावरची नक्षी खरोखरच लपवलेली आहे. पात्र उजेडासमोर धरून आरपार पाहिल्याशिवाय ती हाती लागत नाही. तिचे कौशल्य अचाट आहे, पण तिच्यात दरबारी कोड्याचा वास येतो. डिंगच्या कुंभाराला कोडे घालायचे नव्हते.

आता एक थाळी घेऊन ती ओळीओळीने वाचावी. मी घेतो ती रचना अनेक संग्रहांत पुन्हा पुन्हा भेटते. उथळ थाळी, तिच्या तळात एक कमळ आणि एक पान. देठ कडेच्या जवळून निघतो, वर्तुळाला समांतर असा वळतो आणि मध्याच्या थोडे बाजूला फूल धरतो. पान उलट दिशेने दुमडलेले, त्याची कड वाऱ्याने उलटल्यासारखी. मध्यबिंदू रिकामा सोडला आहे, आणि तरी रचना कुठेही कलंडत नाही. पाकळीची बाहेरची कड खोल तिरप्या कापाची; तिच्या आतून तिला सोबत करणारी एक बारीक रेघ, जी कापाबरोबर वळते पण त्याला चिकटत नाही. पानाच्या शिरा फणीसारख्या हत्याराच्या एकेका ओढीने काढलेल्या. ओढ जिथे सुरू होते तिथे दात खोल रुतलेले आहेत आणि जिथे संपते तिथे ते वर उचलले गेले आहेत. हात किती वेगाने गेला, ते सरळ दिसते. अर्धसुकल्या मातीवर चुकीची रेघ पुसता येत नाही, आणि संथपणे ओढलेली रेघ थरथरते. या थाळीवर एकही रेघ थरथरलेली नाही.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयींची जी मांडणी केली, ती साहित्याला लावताना आपण सर्वांनी बरीच ओढाताण केली आहे. या थाळीला ती ओढाताण न करता लागते. कापाबरोबर वळणारी आतली रेघ हा संवाद, उलट दुमडलेले पान हा विरोध, रिकाम्या मध्याभोवतीचा तोल हा समतोल. मर्ढेकरांना कुंभाराचे भांडे उदाहरणाला घ्यावेसे वाटले असते तर त्यांचे काम सोपे झाले असते, असे मला कधी कधी वाटते. पण त्यांच्या मांडणीची मर्यादाही येथेच उघडी पडते. त्या मताने पाहिले तर फूल कमळाचे आहे की आणखी कशाचे, याला महत्त्व उरत नाही. रेघांचे परस्परसंबंध तेवढे मोजायचे. हे अर्धेच खरे आहे. सोंग काळातला विचारवंत झोऊ दुनयी (१०१७–१०७३) याने फुलांची एक प्रसिद्ध वाटणी केली आहे : शेवंती ही एकांतवासी माणसासारखी, पिओनी ही श्रीमंतांची लाडकी, आणि चिखलातून वर येऊनही न माखणारे कमळ हे सज्जनाचे प्रतिरूप. आपल्याकडे तर ‘पंकज’ या शब्दातच ती कथा बांधून ठेवलेली आहे. डिंगची थाळी पाहणारा त्या काळचा सुशिक्षित माणूस हे सगळे मनात घेऊनच पाहत असणार.

कुंभार मात्र ही वाटणी मानत नाही, आणि मला यात मौज वाटते. तो ज्या हाताने कमळ काढतो त्याच हाताने पिओनी काढतो, त्याच हाताने डे-लिली. एकाला सज्जन आणि दुसऱ्याला गर्भश्रीमंत ठरवण्याची त्याला गरज पडत नाही. उलट पिओनीच्या दाट पाकळ्या चार-पाच वळशांत आटोपून तो तिचा सगळा डौल उतरवतो. फुलाचा अर्थ समाजाने दिलेला, तो पुसता येत नाही. पण हाताच्या लयीने त्या अर्थाला जरासा निराळा सूर लावला आहे. या दोहोंतला ताण सोडून केवळ लय मोजणारी किंवा केवळ प्रतीके उलगडणारी समीक्षा, दोन्ही या थाळीपाशी अपुऱ्या पडतात.

साच्याच्या कामाकडे वळताना मला थोडे सांभाळून बोलले पाहिजे. उत्तर सोंगच्या अखेरीस साचे आले आणि ११२७ नंतर, जिन राजवटीत, त्यांचा सुकाळ झाला. ११८४, ११८९ आणि १२०३ ही वर्षे कोरलेले साचे आजही उपलब्ध आहेत. साचा घुमटाकार असतो, त्याच्यावर नक्षी कोरून तो भाजून ठेवलेला. चाकावर घडवलेला ओला वाडगा त्यावर पालथा दाबायचा, की आतल्या अंगाला सबंध नक्षी उठते : मोर, बदके, मुले, फळे, फुलांची जाळी, कडेने वेलबुट्टीची पट्टी. मोदकाच्या बाबतीत आपल्या घरांत जो भेद आपण करतो तोच हा. हाताने पाडलेल्या कळ्या आणि साच्यातून काढलेल्या कळ्या. साच्यातल्या कळ्या मोजून सारख्या आणि टोकदार असतात. चवीत फरक नसतो. तरी आजी एका नजरेत ओळखते आणि काही न बोलता दुसरा मोदक उचलते.

आजीचा न्याय मी तसाच्या तसा स्वीकारत नाही. साच्याच्या डिंगमध्ये काही पात्रे अशी आहेत की त्यांच्यासमोर मान तुकवावी. आणि साचा कोरणारा हातही शेवटी हातच. पण साच्यात दोन गोष्टी घडतात. नक्षी उठावाची होते, खोलीची राहत नाही. झिलई उठावावरून ओसरते आणि सगळीकडे सारख्या बारीक खोबणींत वाटली जाते. त्यामुळे तो गडद-फिक्याचा खेळ आखडतो. दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. साचा एकदाच कोरायचा आणि पुष्कळदा वापरायचा, मग तो दाट भरून घेण्याचा मोह होतो. रेशमी जरीकामावरून आणि चांदीच्या थाळ्यांवरून त्या नक्ष्या उचलल्या आहेत, असे तज्ज्ञ सांगतात, आणि ते पटते. वाडगा मग कापडाचा नमुना होतो. अप्रतिम नमुना, पण वाडगा त्याचा निमित्तमात्र धारक. त्साओ झाओने त्याला ‘भरतकाम’ म्हटले ते किती नेमके होते, ते येथे कळते.

मात्र यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की एकट्या कलावंताचे निवांत हस्तकौशल्य श्रेष्ठ आणि कारखानदारी कनिष्ठ, तर तो साफ फसेल. हल्ली ‘हाताने बनवलेले’ या शब्दांना जो भाबडा भाव आला आहे, तो घेऊन डिंगकडे जाऊ नये. कोरीव डिंगही कारखान्याचाच माल होता. त्याच कोळशावर, त्याच पायऱ्यांच्या कड्यांत, ओठ उघडा ठेवून, गठ्ठ्यांनी भाजलेला. ती न थरथरणारी रेघ निवांतपणातून येत नाही; तेच कमळ दिवसभर, वर्षभर काढल्यावर येते. रियाज म्हणावा तर तो रियाज पोटासाठी आहे. बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांनी कला आणि कारागिरी यांच्यामधली भिंत पाडण्यासाठी आयुष्यभर लिहिले आणि शिकवले. त्या गावात राहूनही आम्हा साहित्यवाल्यांच्या डोक्यातली भिंत पुरती पडलेली नाही. एकमेवपणाला आपण अजून फार मानतो. डिंगचे कमळ एकमेव नाही. त्याची असंख्य भावंडे होती, त्यांतली कित्येक फुटली, आणि जे उरले ते काही निवडून उरलेले नाही.

त्साओ झाओच्या क्रमवारीतले मधले पद मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटते. साधी भांडीही चांगली. म्हणजे उत्तम नक्षीनंतर दुसऱ्या दर्जाची नक्षी येत नाही, नक्षीचा अभाव येतो. वर मांडलेले बरोबर असेल तर हे सुसंगतच आहे : साध्या वाडग्यात झिलई आणि आकार एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात, आणि बाहेरच्या अंगावर, खरडून पातळ केल्याच्या बारीक रेषांतून, एखादा ओघळ गडद होऊन थांबलेला असतो. तोच तो अश्रू. कोरीव फूल जे जाणूनबुजून घडवते ते या ओघळाने आपोआप घडवलेले असते. तरीही या ठिकाणी माझा त्साओ झाओशी थोडा मतभेद आहे. काही साधे वाडगे, विशेषतः सहा पाकळ्यांसारखी कड दिलेले, मला घाईत कोरलेल्या कमळांपेक्षा सरस वाटले. कोरणारा हात थकतो तेव्हा त्याची रेघ थरथरत नाही, ती सवयीची होते. आणि अशी कमळेही त्या कपाटात आहेत. वर्गाला दर्जा देऊन टाकला, की त्या वर्गातल्या वाईटाकडे डोळेझाक होते. हा दोष आपल्या साहित्यप्रकारांच्या चर्चेत आपण रोज पाहतो.

ओठाविषयी त्साओ झाओ या क्रमवारीत काही बोलत नाही. दक्षिण सोंगचा कवी लू यो (११२५–१२१०) याने मात्र आपल्या टिपणांत लिहून ठेवले आहे, की जुन्या राजधानीत डिंग भांडी राजवाड्यात घेत नसत, रू भट्टीचीच वापरत. कारण डिंगला ‘मांग’ असते. हा शब्द धान्याच्या कुसळाचा. उघड्या ओठाचा खरबरीतपणा, असा त्याचा अर्थ बहुतेकांनी घेतला. काहींच्या मते तो झिलईच्या चकाकीला उद्देशून आहे. पहिला अर्थ घेतला तर स्वस्ताईसाठी काढलेली युक्ती शेवटी राजाच्या ओठाला टोचली, अशी गोष्ट तयार होते, आणि ती सांगायला छान आहे. जमिनीतून निघाले ते जरा निराळे. जियानत्सी गावच्या भट्ट्यांच्या जागेवर २००९ पासून जे उत्खनन झाले त्यात राजाच्या मुदपाकखान्याचे आणि राजवैद्यकीय खात्याचे नाव कोरलेली डिंगची खापरे सापडली. राजवाडा डिंग वापरत होता. कदाचित कधी वापरत होता, कधी नव्हता. लू यो तर राजधानी पडण्याच्या सुमारास जन्मलेला, त्याने ऐकलेले लिहिले. आणखी एक गोष्ट : जिन काळात कोरीव आणि साच्याची कामे एकाच परिसरात शेजारी शेजारी चाललेली होती. भट्टीने ही क्रमवारी मानलेली नाही. ती लागली दोन-अडीच शतकांनंतर, डिंगचा बहर ओसरून गेल्यावर, नानजिंगच्या बाजूला बसलेल्या एका संग्राहकाच्या मनात.

संग्राहकांच्या जगातली आजची क्रमवारी पैशाची आहे. अमेरिकेत २००७ मध्ये कोणी घराबाहेर मांडलेल्या जुन्या सामानातून ३ डॉलरला एक लहान वाडगा घेतला. आत वेलीवरचे कमळ कोरलेले. काही वर्षे तो घरातच मांडून ठेवला होता. मार्च २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला २२ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. पुढच्याच वर्षी हाँगकाँगला एक मोठे कोरीव डिंग पात्र १४ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेले. या बातम्या जगभर वाचल्या गेल्या आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकीत ३ डॉलर हा आकडा ठळक होता. कमळाविषयी कोणी वाक्य लिहिले असेल तर माझ्या वाचनात आले नाही. इतकी वर्षे ज्यांच्या घरात तो वाडगा होता, त्यांनी संध्याकाळी तिरप्या उन्हात ते फूल पाहिले असेल का, हे विचारायला हवे होते.

अठराव्या शतकातला छियानलोंग सम्राट हा या बाबतीत बरा, असे म्हणावेसे वाटते. त्याने निदान पाहिले. जुनी पात्रे जमवण्याचा त्याला ध्यास होता आणि प्रत्येक आवडत्या वस्तूवर कविता रचण्याची खोडही. त्या कविता तो नुसत्या लिहून थांबत नसे. त्या पात्रांवर कोरवून घेई. त्याच्या संग्रहातील काही डिंग पात्रांच्या तळावर अशा ओळी आहेत. झिलई भाजून सात शतके झाल्यावर तिच्यावर चालवलेले हे दुसरे हत्यार. पहिल्या रेघेत झिलई उतरून बसली आहे, दुसरी रेघ झिलई खरवडून काढली आहे. त्यामुळे ती कोणत्याही कोनातून, कोणत्याही उजेडात, न वाकता दिसते. अक्षरे सुबक आहेत. ती वाचण्यासाठी मात्र वाडगा पालथा करावा लागतो, भट्टीत ठेवला होता तसा.